बीडी दोनदा, एचएच चारदा

"मामा, बीडी दोनदा टाक आणि एचएच चारदा," भाची म्हणाली आणि नेमके तेव्हाच आमच्या सोसायटीचे चेअरमन दारावरून जात होते. ते थबकले. गणपती चार दिवसांवर, सिडकोतली सभ्य वस्ती आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेला माणूस भाचीच्या सांगण्यावरून बिड्या टाकतोय! मी धावत जाऊन खुलासा केला की बीडी म्हणजे बेस ड्रम, एचएच म्हणजे हाय-हॅट, हा सगळा ढोलताशाच आहे, फक्त टंकून वाजवायचा. "मग टंका," ते म्हणाले, "पण माइकवर म्हणू नका. बीडचे पाहुणे आहेत आपल्याकडे."

भाचीच्या आणि पुतण्याच्या डोक्यात यंदा सोसायटीच्या गणपतीत ऑर्केस्ट्राऐवजी लाइव्ह कोडिंग होतं. लोकांसमोर बसून प्रोग्रॅम लिहायचा आणि लिहिता लिहिताच त्यातून गाणं-वाजवणं आणि चित्रं काढायची. २००४ साली हॅम्बुर्गला जमलेल्या अशाच काही मंडळींनी टॉपलॅप नावाचं मंडळ स्थापलं. त्यांचा आग्रह असा की कलाकाराने आपला पडदा लपवायचा नाही, तो काय टंकतोय ते प्रेक्षकांना दिसलंच पाहिजे. पुढे २०१२ मध्ये लंडनला पहिला अल्गोरेव्ह झाला, म्हणजे कोडच्या तालावर नाचण्याचा जलसा. मला यात फार नवल वाटलं नाही. डोळ्यांसमोर तळल्याशिवाय आपला भज्यांवरही विश्वास बसत नाही.

कामं वाटली गेली. भाची स्ट्रूडेलमधून आवाज काढणार, पुतण्या हायड्रामधून चित्रं आणि मी माझ्या तबल्याचे बोल फोनवर रेकॉर्ड करून देणार. फ्लॉक नावाच्या सोयीमुळे तिघांनी तीन लॅपटॉपवरून एकाच पानावर लिहायचं होतं. ज्या कुणी हे सोयीचं मानलं, त्याच्या घरी एकत्र कुटुंब नसावं. एकाच खोलीत मी एकाचा काका आणि एकीचा मामा, त्यातून मास्तर. दुसऱ्याची ओळ समोर उघडी पडलेली असताना तिला हात न लावता बसायचं, हे माझ्याच्याने होईना. पहिल्याच तालमीत पुतण्याच्या ओळीत 'कलर' हा शब्द यू शिवाय लिहिलेला दिसला. याच यू साठी मी पिढ्यान् पिढ्या पोरांना उभं केलंय. मी गुपचूप तो घातला. लगेच खाली लाल अक्षरं उमटली की असं काही फंक्शनच नाही.

"काका, अमेरिकन स्पेलिंग आहे ते!"

"मग शुद्ध नाही."

एक मात्र मानलं पाहिजे. नवी ओळ चुकली तरी आधीची बरोबर ओळ बिचारी चालूच राहते. पडद्यावर रंग फिरत होते, जणू मी काही बोललोच नव्हतो. घरातही मला साधारण हीच वागणूक मिळते.

भाचीने मग मला वेळेचा हिशेब शिकवला. यात सगळं एका सायकलमध्ये बसतं. दोन ठोके लिहा नाहीतर सोळा, सायकल लांबत नाही, ठोकेच दाटीवाटीने बसतात. वेरूळला जाणाऱ्या काळीपिवळी जीपमध्ये ज्याने प्रवास केलाय त्याला याहून जास्त सांगायला नको. "सायकल काय म्हणतेस," मी म्हटलं, "आवर्तन म्हण. हे सगळं आपल्या तबल्यातून उचललंय." मी नेहमीची फुशारकी मारत होतो. पंचाईत अशी की ती खरी निघाली.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बर्नार्ड बेल हे फ्रेंच संगणकतज्ज्ञ आणि लखनौला उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकलेले जेम्स किपन, या दोघांनी बोल प्रोसेसर तयार केला. तबल्यातल्या कायद्याचं व्याकरण संगणकाला शिकवायचं, त्याने पलटे रचायचे आणि ते चालतील की नाही हे उस्तादांनी ठरवायचं. (यंत्राला उस्तादांपुढे बसवलं, हे मला फार आवडलं. हल्ली उलट चाललंय.) अ‍ॅलेक्स मॅक्लीन यांनी पुढे टायडल ही लाइव्ह कोडिंगची भाषा केली, तिच्या लिखाणपद्धतीत या बोल प्रोसेसरची प्रेरणा आहे आणि स्ट्रूडेल हे टायडलचंच ब्राउझरमधलं भावंड. हेच बेल नंतर पुण्यात गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या कामात रमले. त्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. जात्याचा खुंटा दोघींनी धरायचा, एकीने ओवी म्हणायची, दुसरीने ती उचलायची. आम्हाला ते तीन लॅपटॉप घेऊन जमत नव्हतं.

ओव्यांचं ऐकून पुतण्याला स्फुरण चढलं. जातं मिळेना, म्हणून तो पाणचक्कीवर गेला आणि हौदात कोसळणाऱ्या पाण्याचा आवाज फोनमध्ये घेऊन आला. कल्पना मला पसंत पडली. आपल्या गावात पाण्याने जातं फिरवलं, त्याच पाण्याने आता सायकल फिरेल, असं एक वाक्यही मी निवेदनासाठी लिहून ठेवलं.

कार्यक्रम सुरू झाला. माझा धा वाजला, भाचीच्या बीडीने मांडव हलला, पुतण्याने काकूच्या हिमरू शालीचा फोटो हायड्रात घालून त्याच्या पाकळ्या केल्या. टाळ्या पडल्या. त्या भरात त्याने कॅमेरा प्रेक्षकांकडे वळवला आणि पहिल्या रांगेत डुलक्या घेणाऱ्या चेअरमनांचं आठ पाकळ्यांचं कमळ पडद्यावर गरगर फिरू लागलं. पोरं किंचाळली. मी एकही अक्षर दुरुस्त केलं नाही, ही माझी त्या रात्रीची सर्वांत मोठी कामगिरी.

मग समेवर, सगळं थांबवून, पाणी आलं. मोठ्या स्पीकरमधून, धो धो.

तिसऱ्या रांगेतून आवाज उठला, "नळ आले!"

आठ-आठ दिवस नळाची वाट पाहणाऱ्या गावात यापुढे कोणती कला टिकणार? अर्ध्या मिनिटात मांडव रिकामा झाला. कमळसुद्धा उठून पळालं. वर एकामागून एक मोटारी सुरू झाल्या आणि सगळ्यांचा भार एकदम आल्यावर सोसायटीची वीज गेली. अंधारात आम्ही तिघं, बॅटरीवरचे तीन लॅपटॉप आणि गणपती.

खरं पाणी दुसऱ्या दिवशी पहाटे साडेतीनला आलं. आवाज सगळ्यांनी ऐकला. सरांची तालीम चाललीय असं समजून सगळे कूस बदलून झोपले.