शाल आणि इसार

आमच्या कपाटाचा वरचा कप्पा शालींचा आहे. परवा मोजल्या, ४६ भरल्या. मी गायक नाही, नट नाही, लेखक तर नाहीच. पुण्यात सूत्रसंचालन करतो. मान्यवरांचे सत्कार आटोपल्यावर तबकात एखादी शाल उरली की आयोजक इकडेतिकडे बघतात आणि "आपल्या निवेदकांचाही..." म्हणत ती माझ्या खांद्यावर टाकतात. २२ वर्षांत मानधनाची पाकिटं किती मिळाली, तेही त्याच बैठकीत मोजायला घेतलं होतं. ते काम लवकर आटोपलं.

पुण्याला सांस्कृतिक राजधानी म्हणतात, आणि हे रोज संध्याकाळी सहा वाजता नव्याने सिद्ध करावं लागतं. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून या शहराला भर उन्हाळ्यात बसून ऐकून घ्यायची सवय आहे. पावसाळ्यात महाविद्यालयांची पोरं पुरुषोत्तम करंडकासाठी भरत नाट्य मंदिर डोक्यावर घेतात, तेही १९६३ पासून. गणपतीत फेस्टिव्हल, दिवाळीत पहाट, डिसेंबरात सवाई गंधर्व, जानेवारीत चित्रपट महोत्सव. मधे एखादी तारीख रिकामी राहिलीच तर पुस्तक प्रकाशन. पुस्तक नसेल तर कुणाची तरी पंचाहत्तरी असतेच.

या सगळ्यात कला असते का? असते. कार्यक्रमपत्रिकेच्या तळाशी, प्रायोजकांच्या जरा वर.

वेळेचं सांगतो. पत्रिकेत "सायंकाळी ६" असेल तर २० मिनिटं धरायची, "सायंकाळी ठीक ६" असेल तर ३५. मग दीपप्रज्वलन. समई दारच्या वाऱ्यात किंवा पंख्याखालीच ठेवायची, असा नियम असावा. पंख्याचं बटण ज्याला माहीत असतं तो नेमका चहाला गेलेला असतो. पाच मान्यवर एका मेणबत्तीवर हात ठेवतात, फोटोग्राफर म्हणतो "सर, इकडे बघा", सर इकडे बघतात आणि मेणबत्ती तिकडे झुकते. एकदा असंच एका उपाध्यक्षांचं उपरणं प्रज्वलित झालं होतं. टाळ्या त्यालाही पडल्या.

पुढे स्वागतगीत, प्रास्ताविक, परिचय, सत्कार. सत्कारात पगडी आली. पुणेरी पगडीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे तिचा उगम आता कायद्याने पक्का आहे. मात्र समोरच्या डोक्यावर ती घालायची की फुले पगडी, यावर पडद्यामागे जी कुजबुज चालते तिच्यात एक अख्खा बडा ख्याल मावेल. मग पाहुण्यांचं मनोगत. "मी फार वेळ घेणार नाही," हे वाक्य आलं की ध्वनी व्यवस्थेचा मुलगा उठून बाहेर जातो. त्याचा अंदाज माझ्याहून पक्का आहे.

साडेआठला मी माझी ओळ म्हणतो, "आणि आता, ज्या क्षणाची आपण सारे आतुरतेने वाट पाहत होतो..." तोवर अर्धे सारे वाट पाहून गेलेले असतात. तानपुरा तिसऱ्यांदा जुळवून झालेला असतो. साडेनऊच्या नाटकाचं नेपथ्य घेऊन टेम्पो मागच्या दाराशी उभा असतो. गायिका बडा ख्याल सोडून देते, छोटा ख्याल आणखी छोटा करते आणि भैरवीला लागते. मग मी रसिकांच्या वतीने म्हणतो, "ही मैफल संपूच नये असं वाटतं." ती सुरू कधी झाली हे विचारण्याचा रिवाज नाही.

पुणेकर तिकीट काढत नाही, ही मात्र निव्वळ बदनामी आहे. सवाईचं तिकीट काढतो, करंडकाच्या अंतिम फेरीसाठी रांगेत उभा राहतो. फक्त ओळखीचा माणूस निघाला की अडचण होते. ओळख असून तिकीट काढायचं म्हणजे त्या ओळखीचा अपमान, आणि पुण्यात कुणाची कुणाशी ओळख नसते? म्हणून पास. दिवाळी पहाटेला तर पासाचीही गरज नाही. पहाटे साडेपाचला उटण्याच्या वासात भूपाळी ऐकायची, आणि गायकाच्या पाठीमागे गायकापेक्षा चौपट मोठा प्रायोजक हात जोडून उभा असलेला बघायचा. सूर्य उगवायच्या आधी त्यांचं दर्शन होतं. गायकाचं नाव फलकाच्या खालच्या कोपऱ्यात असतं, मंडपवाल्याच्या शेजारी. मंडपवाल्याचा फोन नंबरही असतो.

तर अशा सुसंस्कृत वातावरणात मी सुखाने वाढत असताना यंदा गावाहून फोन आला. आमचं मूळ गाव आंबेगाव तालुक्यात. यात्रा कमिटीचे अध्यक्ष म्हणाले, "पाडव्याच्या टायमाला नारायणगावला तमाशा ठरवायला जायचंय. तुम्ही कलेतलं माणूस, चला संगं."

नारायणगाव पुण्याहून जेमतेम ७५ किलोमीटर. चाकणचा चौक मध्ये नसता तर त्याला जवळ म्हटलं असतं. पाडव्याच्या सुमाराला तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. प्रत्येक राहुटीबाहेर फडाचं नाव, आत गादी, टेबल, वही आणि मॅनेजर. गावोगावच्या यात्रा कमिट्या जीपगाड्या भरून येतात आणि सुपारी देऊन जातात. एकेका तिथीला दहा-दहा गावांच्या यात्रा पडतात, त्या रात्रीचा भाव चढतो. आडतिथीला उतरतो. त्याच गावात टोमॅटोचाही मोठा बाजार भरतो, त्यामुळे उपमा शोधायला मला लांब जावं लागलं नाही.

आम्ही एका राहुटीत शिरलो. गादीवर बसताना मी सवयीने पहिली रांग कुठली ते पाहिलं. पाणी आलं, चहा आला. दीपप्रज्वलन झालं नाही.

"कालाष्टमी मोकळी हाय का?" अध्यक्षांनी विचारलं.

मॅनेजरने वही उलटली. "हाय. पण भाव बघा." आकडा त्याने तोंडाने सांगितला नाही, कागदावर लिहून पुढे सरकवला. अध्यक्षांनी तो उपाध्यक्षांना दाखवला, उपाध्यक्षांनी मला. मी गंभीर चेहरा केला. तो मला सरावाने जमतो.

मग घासाघीस. स्टेजवर बाया किती? लाइटिंग कसं? गाणी यंदाची का गेल्या साली वाजवली तीच? दुसऱ्या दिवशी सकाळची हजेरी त्यातच धरली ना? अवकाळी आला तर काय, गाडी घाटात बंद पडली तर काय? एकेक मुद्दा निघाला, तुटला आणि वहीत उतरला. कलेवर इतकी नेमकी चर्चा मी पुण्यातल्या एकाही परिसंवादात ऐकलेली नाही, आणि तीन परिसंवादांचं सूत्रसंचालन तर त्याच महिन्यात केलं होतं.

"वग कुठला लावू?" मॅनेजरने विचारलं. त्याच्या आवाजात तेवढ्यापुरती जरा धुगधुगी आली. "ऐतिहासिक हाय, सामाजिक हाय."

"वग काढला तर किती कमी होतील?"

"वगाचं काय घेत न्हाई, पाव्हणं. त्यो काढला तरी तेवढंच."

अध्यक्षांनी क्षणभर विचार केला. "मग ऱ्हाऊ द्या. पण लावू नका."

गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग, हा तमाशाचा सारा डोलारा. पहिलं सगळं ज्याच्यासाठी रचायचं, तो हा वग. रात्र चढली की सोंगाड्याने राजाची, पाटलाची, प्रधानाची सालटी काढायची आणि खऱ्या पाटलाने पुढच्या रांगेत बसून हसायचं. मी कलेतला माणूस म्हणून आलेलो, माझ्याच्याने राहवलं नाही. म्हटलं, "अहो, वगाशिवाय तमाशा म्हणजे..."

"दहाला पोलीस येत्यात," मॅनेजरनेच मला समजावलं. "परमिशन असली तर बारा. गाण्यातच बारा वाजत्यात. वगाला राजा उभा ऱ्हाईस्तोवर खाली खुर्च्या उचलाया लागत्यात."

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, तेव्हापासून रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंतची सूट देऊ शकतं. कधी काळी रात्रभर चालणारं सवाईही याच नियमाखाली आलं. तिथल्या श्रोत्यांना निदान हळहळ वाटली. वगाची हळहळ वाटायला आधी कुणी तो मागायला हवा.

मी शेवटचा प्रयत्न केला. "निदान फडाच्या मालकीणबाईंचा स्टेजवर सत्कार तरी ठेवू या. शाल, श्रीफळ. दोन शब्द मी बोलेन."

मॅनेजर हसला. चेष्टेने नाही, समजुतीने. "पाव्हणं, शाल घाला, नारळ द्या, दोन शब्द बोला न्हाईतर दोनशे. इसार आधी."

अध्यक्षांनी बंडीच्या आतल्या खिशातून नोटा काढल्या, थुंकी लावून दोनदा मोजल्या, मॅनेजरने तिसऱ्यांदा मोजल्या. पावती फाडली, खाली दोघांच्या सह्या. उरलेले कधी द्यायचे, तेही त्याच कागदावर. सगळा व्यवहार चाळीस मिनिटांत झाला आणि त्यात "हे आपलं घरचंच कार्य आहे" असं एकदाही कुणी म्हणालं नाही. २२ वर्षं ज्या वाक्यावर मी जगलो, किंवा ज्या वाक्यामुळे मला दुसरी नोकरी करून जगावं लागलं, ते तिथे कुणाला ठाऊकच नव्हतं.

परतताना जीपमध्ये विचार करत होतो. शहर कलेला शाल देतं, गाव इसार देतं. शहर मान देऊन वेळ खातं, गाव दाम देऊन गाणी मागतं. बडा ख्याल इथे सत्कारात जातो, वग तिथे फर्माइशीत जातो. नारायणगावाजवळच खोडदला ती प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेले क्षीण आवाज टिपत उभ्या असतात. वगाचा आवाज ऐकायचा झाला तर आता त्यांनाच विनंती करावी लागेल.

मान आणि दाम एकाच माणसाला एकाच वेळी देण्याची पद्धत आपल्याकडे कधी होती का, हेही आठवून पाहिलं. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला १९६२ साली खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते बसवली गेली. १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. २६ जून १९६८ ला रंगमंदिराचं उद्घाटन झालं, तेव्हा त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. ज्यांची नाटक मंडळी कर्जात बुडाली, त्यांच्या नावाने आता रोज तीन प्रयोगांचं भाडं आकारलं जातं. हा हिशेब कुणी मुद्दाम केला असेल असं नाही, पण जमून मात्र छान आला आहे.

विठाबाई नारायणगावकरांचं तेच. राष्ट्रपतींच्या हातून गौरव झाला, अखेरची वर्षं हलाखीत गेली, २००२ साली त्या गेल्या आणि आता त्यांच्या नावाने सरकारी जीवनगौरव पुरस्कार आहे. तमाशा चालू असताना त्या आत बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही गोष्ट लोककलेच्या प्रत्येक कार्यक्रमात सांगितली जाते. मीही सात-आठ वेळा सांगितली आहे. टाळ्या हमखास. नऊ महिने भरलेल्या बाईला त्या रात्री नाचावं का लागलं, हे सांगायला निवेदनात वेळ नसतो. पुढे सत्कार असतात.

गावची यात्रा झाली. तमाशा झाला. गाणी झाली, शिट्ट्या झाल्या, वेळेत पोलीस आले, उरलेले पैसे कागदावर लिहिलेल्या वेळी पोचते झाले. वग झाला नाही आणि कुणी विचारलाही नाही.

मागच्या आठवड्यात इथल्या एका आयोजकांचा फोन आला. लोककला महोत्सव आहे, त्यात "लोककलावंतांची उपेक्षा" या विषयावर परिसंवाद, सूत्रसंचालन मी करायचं.

"सर, हे आपलं घरचंच कार्य आहे," ते म्हणाले.

नारायणगावचा चहा अजून पोटात असावा. मी म्हटलं, "करतो. इसार कधी पाठवताय?"

"काय?"

"इसार. तारीख पक्की करायची तर आधी काही रक्कम हातावर ठेवायची असते. उरलेली कार्यक्रमाच्या दिवशी. कागदावर लिहून."

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मला वाटलं, फोन ठेवला. मग त्यांचा आवाज आला, चक्क भरून आलेला. "सर, किती स्पष्ट बोललात! कलावंताच्या हक्कासाठी असं रोखठोक कोण बोलतं हो आज? उपेक्षेवरच्या परिसंवादातच तुमचा जाहीर सत्कार ठेवतो. पगडी कुठली आवडेल?"

मी विचारलं, प्रत्यक्ष तमाशा आहे का कार्यक्रमात? आहे म्हणाले. शेवटी दहा मिनिटं, वग वगळून.

तारीख लिहून घेतली आहे. आज सकाळपासून कपाटाचा वरचा कप्पा आवरतोय.