पाच लाखांचं कवच

मंचेरियलात रेशनकार्डवाल्याला सरकारची आरोग्यश्री योजना आहे. डिसेंबर 2023 मध्ये तिची मर्यादा पाचावरून 10 लाखांवर गेली. सिंगरेणीच्या खाणकामगाराला कंपनीचा दवाखाना. उरला बिचारा दुकानदार. वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा 18 टक्के जीएसटी सप्टेंबर 2025 मध्ये गेला, तेव्हापासून एजंट म्हणतो, ‘शेट, पाच लाखांचा विमा आता फुकटच समजा!’

या फुकटच्या पाच लाखांत खोलीभाड्याची मर्यादा कधीकधी दिवसाला एक टक्का, म्हणजे 5 हजार. खोली दहा हजारांची घेतलीत, तर नुसतं भाडं नव्हे, डॉक्टरची फी आणि ऑपरेशन थिएटरचा खर्चही निम्माच मिळतो. जुन्या मधुमेहाला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं. मधुमेहालाही तसं कळवून ठेवलेलं बरं.

तेव्हा शेट, हप्ता मागाहून विचारा. आधी खोलीभाड्याचं कलम वाचा.