सतवासहून उडालेले विमान

दोन गावांची नावे दिली की मधले अंतर आणि विमानाचा वेळ सांगणारा हिशोबनीस हल्ली संगणकात बसलेला असतो. त्या गावांना विमानतळ आहे की नाही, याच्याशी त्याला देणेघेणे नाही. देवास जिल्ह्यातले सतवास ते पुणे? सरळ रेषेत सुमारे सव्वापाचशे किलोमीटर. ताशी आठशेच्या वेगाने चाळीस मिनिटे. सतवासात विमान टेकणार कुठे, ते सतवासकरांनी बघावे.

पुण्याचा नातू सतवासच्या आजोबांना हा आकडा फोनवरून ऐकवतो, "आजोबा, चाळीस मिनिटांचा तर प्रश्न!" चाळीस मिनिटांत आजोबांचे घराचे कुलूप ओढून पाहणेसुद्धा होत नाही.

खरे विमान इंदूरहून. सतवासहून आधी कन्नौद गाठायचे, मग धनतालाबचा घाट. तिथे एखादा ट्रक रुसून बसला की उड्डाणाची वेळ हा केवळ तात्त्विक विषय उरतो. पुढे चापडा, डबल चौकी, आणि नेमावर रोडने इंदूर. पण हा रस्ता शहरात शिरतो पूर्वेच्या अंगाने आणि देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ आहे पश्चिमेला. म्हणजे अख्खे इंदूर ओलांडायचे, तेही पोह्यांच्या गाड्यांकडे न बघता! वर दोन तास आधी हजेरी. १७२८ च्या सुमारास तुकोजी आणि जिवाजी पवारांनी देवासला बस्तान बसवले, ते मजल-दरमजल करीत येऊन. पण घोड्यावर बसण्याआधी त्यांना कुणी कमरेचा पट्टा काढून ट्रेमध्ये ठेवायला लावत नव्हते.

एवढे करून इंदूर-पुणे उड्डाण सव्वा तासाच्या आसपास. त्यातही विमान जागचे हलल्यापासून पुन्हा थांबेपर्यंतचा वेळ धरतात, म्हणजे धावपट्टीपर्यंतचे रांगणेही त्यातच.

नात तर सॅन फ्रान्सिस्कोला. सतवासहून सुमारे १३,००० किलोमीटर. अमेरिका पश्चिमेला, अशी आजोबांची शाळेपासूनची समजूत. पण पृथ्वी गोल असल्याने सर्वांत जवळची वाट जवळजवळ उत्तरेला, हिमालयावरून निघते. आणि जवळची वाट लवकर पोचवेलच असे नाही. एअर इंडियाने ऑक्टोबर २०१६ मध्ये दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले. अंतर सुमारे १३,९०० वरून १५,३०० किलोमीटर झाले, वेळ मात्र जवळपास दोन तासांनी घटला. उंचावरचे पश्चिमी वारे पाठीशी होते. जाताना पॅसिफिक, येताना अटलांटिक, म्हणजे पुरी पृथ्वीप्रदक्षिणा, आणि उड्डाण साधारण तीस तासांचे.

हे ऐकून आजोबा मात्र गप्पच. कारण त्यांच्या शेजारी, नेमावरला, नर्मदेचे नाभिस्थान आहे. नदीची लांबी १,३१२ किलोमीटर, आणि तिची शास्त्रोक्त परिक्रमा तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवसांची. तीही पायी, चातुर्मासात एका जागी मुक्काम करून. परिक्रमेत पात्र ओलांडायची बंदी. इंदूरहून पुण्याकडे निघालेले विमान मात्र काही मिनिटांतच नर्मदा ओलांडते. तेव्हा परिक्रमेचा संकल्प केलेल्या आजोबांना नातवाकडे जायचे, तर तिकीट तीन वर्षांनंतरचेच काढावे लागेल.