आमची खेळखात्यातील नोकरी

मनुष्य वयाच्या कोणत्या वर्षी खेळणे सोडतो, ह्या प्रश्नावर विद्वानांनी पुष्कळ शाई खर्च केलेली आहे. परंतु खेळ मनुष्याला कोणत्या वर्षी चाकरीस ठेवून घेतो, ह्या प्रश्नाकडे मात्र कोणाचेच लक्ष गेलेले नाही, आणि त्यामुळे व्हिडीओ गेमच्या सेवेत ज्यांचे केस पिकले अशा आमच्यासारख्या जुन्या माणसांची नोंद ना बेकारांच्या यादीत सापडते, ना कामगारांच्या. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात गेमिंगचा विकार दाखल करून घेतला आणि १ जानेवारी २०२२ पासून ते वर्गीकरण अमलातही आले, ह्याबद्दल आम्ही त्या संघटनेचे ऋणी आहोत. तथापि व्यसनी मनुष्याला आपल्या व्यसनापासून निदान थोडे सुख तरी होते, आणि नेमक्या ह्याच अटीवर आम्ही त्या वर्गात बसत नाही. आमच्या स्थितीला वैद्यापेक्षा कामगार आयुक्ताची गरज अधिक आहे, एवढेच निवेदन करण्यासाठी आजचे हे सदर खर्ची घालीत आहोत.

पूर्वीची राजवट निराळी होती. जपानात १९८५ साली प्रकट झालेला मारिओचा खेळ आमच्या चाळीत पोहोचला तो नव्वदच्या दशकात, आणि तोही अस्सल यंत्राच्या पालखीत बसून नव्हे, तर त्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणाऱ्या, ‘टीव्ही गेम’ ह्या नावाने मिळणाऱ्या स्वस्त डब्यातून. त्या डब्याच्या खाचेत बसवायच्या कॅसेटीवर ‘९९९९ इन वन’ अशी ग्वाही छापलेली असे, आणि यादी उघडून पाहिली म्हणजे पहिल्या थोड्या खेळांनंतर तेच खेळ नवे क्रमांक लावून पुन्हापुन्हा हजर होताना दिसत. पटावर खोटी नावे चढवून अनुदान उचलणाऱ्या शिक्षणसंस्थांची कीर्ती पुढे आमच्या कानी आली, तेव्हा आम्हांस म्हणूनच मुळीच आश्चर्य वाटले नाही. मारिओने प्राण पणास लावून एकेक किल्ला सर करावा, आणि आतल्या बुटक्या सेवकाने राजकन्या येथे नाही, दुसऱ्या किल्ल्यात आहे, असे अदबीने सांगावे, हा प्रकार एकंदर सात वेळा घडे. तालुक्याच्या कचेरीत दाखल्यासाठी ह्या टेबलावरून त्या टेबलावर जाण्याचा योग आला, तेव्हा ह्या पूर्वशिक्षणाचा आम्हांस अतोनात उपयोग झाला. ‘कॉन्ट्रा’ जोडीने खेळताना धबधब्याच्या टप्प्यावर एकाने उतावीळपणे वर उडी घेतली, की मागे राहिलेला सोबती पडद्याखाली जाऊन गतप्राण होई. कित्येक भावंडांतील जे वितुष्ट वडिलोपार्जित जमिनीच्या खात्यावर मांडले जाते, त्याचा उगम वास्तविक त्या धबधब्यात आहे.

परंतु ह्या राजवटीचे दोन गुण नमूद केलेच पाहिजेत. पहिला असा, की तिच्यात दया होती आणि ती विनामूल्य होती. काझुहिसा हाशिमोतो नामक जपानी कारागिराने ‘ग्रेडियस’ ह्या खेळाची चाचणी आपणांस सोपी जावी म्हणून १९८६ साली बटणांचा एक गुप्त क्रम त्यात ठेवून दिला. तोच क्रम पुढे ‘कॉन्ट्रा’च्या आरंभी दाबला असता तिनाऐवजी तीस प्राण हाती येत, आणि त्याबद्दल कोणीही पावती फाडीत नसे. दुसरा गुण असा, की खेळ मनुष्यासाठी थांबत असे. पाने वाढली आहेत, अशी आईची हाक आली, की एक बटण दाबावे आणि शत्रूने हवेत सोडलेली गोळी वरणभात आटोपेपर्यंत तशीच हवेत लोंबकळत राहावी, इतका तो खेळ सुसंस्कृत होता. वीज गेली म्हणजे आठव्या प्रांताच्या वेशीवर पोहोचलेला वीर पुन्हा पहिल्या प्रांताच्या पहिल्या विटेपाशी येऊन उभा राही हे खरे. पण त्यात वीजमंडळाचा दोष असे, खेळाचा नसे. पुढे सायबर कॅफेत तासाच्या भाड्याने ‘काउंटर स्ट्राइक’ खेळण्याचे दिवस आले, तेव्हाही तास भरला म्हणजे मालक खांद्यावर हात ठेवून उठवीत असे, आणि उठवणारा कोणी असणे ही केवढी कृपा होती, हे आज आम्हांस कळते.

हल्लीचा खेळ थांबत नाही, आणि वर हजेरी मागतो. रोज एकदा येऊन ठसा उमटवणाऱ्यास चार नाणी, सलग सात दिवस येणाऱ्यास एक पेटी, आणि मध्ये एखादा खाडा पडला तर साखळी तुटून मागील सारे पुण्य रद्दबातल, अशी त्याची नियमावली आहे. सरकारी कचेरीतसुद्धा आजची किरकोळ रजा कालची हजेरी पुसून टाकीत नाही. हजेरी लागली, की दिवसाची कामे समोर येतात: अमुक शत्रू मारावे, तमुक वनस्पती गोळा कराव्या, सोबत्यांसह तीन डाव पुरे करावे, त्याखेरीज आठवड्याची कामे निराळी आणि हंगामाची निराळी. आमच्या क्लॅनचे, म्हणजे खेळातील टोळीचे, म्होरके इयत्ता नववीत शिकणारे एक गृहस्थ असून, रात्री नऊच्या मोहिमेस गैरहजर राहिल्याबद्दल ते आमच्याकडून खुलासा मागवितात. ‘अंकल, तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा, माझ्याकडे वेटिंग लिस्ट आहे,’ असे त्यांनी मागे एकदा सुनावल्यापासून आम्ही त्यांस ‘सर’ म्हणतो.

आता कोणी म्हणेल, की चाकरी आली म्हणजे वेतनही आलेच. येथेच ह्या खात्याची खरी कारभारकुशलता दृष्टीस पडते. आपल्याकडे ज्यास ‘रॉयल पास’ म्हणतात, त्या व्यवस्थेचे सार असे, की चाकराने हंगामाच्या आरंभी धन्यास नजराणा द्यावा, त्या नजराण्याच्या बळावर काम करण्याचा अधिकार मिळवावा, मग दीडदोन महिने राबून पोशाख, टोप्या आणि बंदुकीचे रंग पदरात पाडून घ्यावे, आणि मुदतीत काम पुरे झाले नाही तर उरलेली बक्षिसे सरकारजमा व्हावी. शिवाय नजराणाही रोकड चालत नाही. रुपयांचे आधी हिरे करावे लागतात, हिऱ्यांची नाणी, आणि ह्या प्रत्येक पायरीवर हिशेब असा बसविलेला असतो, की वस्तू सत्तर हिऱ्यांची असावी आणि हिरे मात्र साठांच्या पटीतच विकत मिळावे. पेशवाईत अंकुशी आणि चांदवडी रुपयांची अदलाबदल करताना सराफ बट्टा कापून घेत असत, आणि त्याबद्दल इतिहासकारांनी त्यांस नावे ठेवली आहेत. ते सराफ आज असते तर ह्या खात्यात उमेदवारी करण्यासाठी त्यांनी खुशीने अर्ज केला असता.

ह्या वसुलीचा माग इतिहासात काढू जाता तो एका घोड्यापाशी पोहोचतो. २००६ साली ‘ऑब्लिव्हियन’ नामक खेळात घोड्यास घालावयाचे चिलखत अडीच डॉलरला निराळे विकावयास काढले, तेव्हा खेळाडूंनी त्याची मनस्वी टर उडविली. पण पुष्कळांनी ते विकत घेतले, आणि धनिकवर्गाने थट्टा आणि विक्री ह्या दोहोंपैकी विक्रीचीच नोंद ठेविली. मराठी माणसास हा व्यवहार परका वाटू नये. आपल्या घोडदळात ज्याचा घोडा सरकारी पागेतला तो बारगीर, आणि जो स्वतःचा घोडा व हत्यारे घेऊन चाकरीस येई तो शिलेदार, अशी वर्गवारी होती, आणि शिलेदाराचा मान व मुशाहिरा त्यामुळे मोठा असे. आम्ही घोडा स्वखर्चाने आणतो, चिलखत स्वखर्चाने चढवितो, लढाई धन्याची लढतो, आणि मुशाहिरा आम्हीच धन्यास देतो. अशा शिपायास काय म्हणावे, ह्याचा शब्द मराठ्यांच्या लष्करी दप्तरात नाही, कारण इतका भोळा शिपाई त्या लष्करात कधी भरतीच झाला नाही.

मालकीहक्काची कथा तर ह्याहून सुरस आहे. कॅसेट कशीही असली तरी ती आमची असे; शेजाऱ्यास उसनी द्यावी, भांडण झाल्यावर परत मागावी, आणि तिने रुसवा धरला तर तिच्या तोंडात फुंकर घालावी, ही सर्व मालकाची वहिवाट होती. आता ‘खरेदी’ केलेल्या खेळाचा केवळ वापरपरवाना मिळतो, असे ‘स्टीम’सारखे दुकानदार गिऱ्हाइकास पैसे भरतेवेळीच सांगू लागले आहेत. युबिसॉफ्ट कंपनीने २०१४ साली विकलेला ‘द क्रू’ हा मोटारींचा खेळ ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर मिटवून बंद केला, आणि ज्यांनी रोख पैसे मोजले होते त्यांच्याही मोटारी त्या दिवशी कायमच्या थांबल्या. त्यावरून युरोपात खेळ मारू नका अशी चळवळ उभी राहून दहा लाखांवर लोकांनी अर्जावर सह्या केल्या. आमच्या मुंबई इलाख्यात १८५२ च्या कायद्यान्वये इनाम कमिशन बसले, तेव्हा कित्येक घराण्यांची इनामे खालसा झाली आणि त्याचा संताप पिढ्यान्‌पिढ्या टिकला. परंतु ते कमिशन निदान सनद दाखवा, असे तरी म्हणत असे. येथे सनद दाखवू म्हटले तर ती ज्या दप्तरात ठेविली, ते दप्तरच धन्याच्या घरी.

इतके सोसून रात्री मुले निजल्यावर तासभर खेळावे म्हटले, तर यंत्र म्हणते, आधी अपडेट. अवघा मारिओ, त्याचे आठ प्रांत, किल्ले, कासवे आणि ती अप्राप्य राजकन्या धरून, ४० किलोबाइटांत मावत असे. आजचा एखादा मातबर खेळ १०० गिगाबाइटांची जागा अडवितो, म्हणजे तेवढ्या जागेत पंचवीस लाख मारिओ गुण्यागोविंदाने नांदले असते. पट्टी सरकत राहते, तास सरतो, आणि कर्तव्य पार पडल्याच्या भावनेने आम्ही निजतो. सवलतीच्या दिवसांत घेतलेले आणि अद्याप उघडलेलेही नाहीत असे खेळ आमच्या खात्यावर पुष्कळ आहेत. पण ग्रंथप्रदर्शनातून समग्र वाङ्मयाचे संच नेणारे सभ्य गृहस्थ समाजात प्रतिष्ठित मानले जातात, तेव्हा ह्या मुद्द्यावर आमची उलटतपासणी होऊ नये.

आणि जेव्हा खरोखरच खेळण्यास सवड मिळते, तेव्हा आम्ही काय खेळतो? आम्ही मालमोटार हाकतो. ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ ह्या २०१२ सालच्या खेळात दिवसभर हिंजवडीच्या वाहतूककोंडीत अडकून आलेला अभियंता रात्री जर्मनीत माल पोहोचवितो, तांबडा दिवा दिसताच शहाण्यासारखा थांबतो, आणि चुकून पुढे गेला तर दंड निमूटपणे भरतो. ह्याच सद्गृहस्थाने सकाळी वाकडच्या चौकात कोणता दिवा पाळला होता, ते विचारू नये. ‘पॉवरवॉश सिम्युलेटर’मध्ये लोक तासन्‌तास परक्याच्या भिंती धुतात, आणि त्यांच्या स्वतःच्या घरातील माळा दिवाळीच्या दिवाळी टळत जातो. ‘स्टारड्यू व्हॅली’चा नायक कंपनीतील नोकरी सोडून आजोबांच्या शेतावर जातो, आणि आजोबांच्या एका पत्राने शेत त्याच्या स्वाधीन होते; सातबारा नाही, फेरफार नाही, तलाठी नाही, हरकत घेणारे चुलते नाहीत. गावाकडील आपला हिस्सा कोणत्या गटात आहे हे ज्यास ठाऊक नाही, तो मनुष्य ह्या शेतातील कोबीला न चुकता पाणी घालतो. ह्यास वेड म्हणण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. कचेरीत सकाळपासून संध्याकाळपर्यंत राबून नेमके काय उरकले, हे साहेबासही सांगता येत नाही. येथे भिंत धुतली की ती धुतलेली दिसते आणि वर काम पुरे झाल्याचा शेरा तत्काळ मिळतो. नोकरी जे देणे लागत होती ते तिने दिले नाही, म्हणून लोक ते खेळाकडून वसूल करू गेले, आणि खेळाने ही संधी साधून त्यांस नोकरीवर ठेवून घेतले, असा हा एकंदर दस्तऐवज आहे.

सरकारचे ह्या खात्याकडे दुर्लक्ष आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या रकमेच्या २८ टक्के कर बसला, आणि दोन वर्षे पुरती होण्याच्या आत, ऑगस्ट २०२५ मध्ये, कायदा करून ते खेळ बंदच करण्यात आले. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला मात्र उत्तेजन दिले. त्याच वर्षी आमच्या विधिमंडळाच्या सभागृहात मोबाइलवर रमी मांडल्याच्या चित्रफितीवरून गदारोळ झाला. संबंधित मंत्रिमहोदयांनी आरोपाचा इन्कार केला, आणि त्यानंतर त्यांचे कृषिखाते काढून त्यांस क्रीडाखाते देण्यात आले. गुण पाहून नेमणूक होत नाही, अशी ओरड करणाऱ्यांनी हे उदाहरण संग्रही ठेवावे.

तेव्हा आमच्या मागण्या माफक आहेत. भविष्यनिर्वाह निधी आम्ही मागत नाही, कारण आमचा संचय हिऱ्यांत आहे आणि हिरे मुदतबाह्य होतात; दिवाळीचा बोनस खेळ देतोच, फक्त तो खर्च करावयास आधी थोडी भर घालावी लागते. आमची मागणी एकाच सुटीची आहे. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी वर्षानुवर्षे झगडून १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीकामगारांस रविवारची सुटी मिळवून दिली. आणि आज पाहावे तो दुप्पट गुणांच्या, खास बक्षिसांच्या, सक्तीच्या मोहिमा नेमक्या शनिवारी आणि रविवारी ठेविलेल्या असतात, म्हणजे गिरणीमालकाने जो रविवार सोडला तो खेळाच्या मालकाने उचलला. हे गाऱ्हाणे आम्ही रीतसर क्लॅनच्या म्होरक्यांपुढे मांडले. त्यांनी ते सहानुभूतीने ऐकून घेतले, आणि त्यांची सहामाही परीक्षा शनिवारी संपत असल्यामुळे रविवारी सकाळी सहापासून सर्वांनी हजर राहावे, असे फर्मान काढले. ह्याच्या निषेधार्थ रविवारी एक दिवसाचा लाक्षणिक संप करण्याचे आम्हां ज्येष्ठ सभासदांत एकमताने ठरले आहे. फक्त त्या दिवशीची साखळी तुटू नये, म्हणून प्रत्येकाने आधी हजेरी लावावी, दिवसाची कामे उरकावी, आणि मग संपावर जावे.