निवृत्त जीप, नवे सेनापती

शाळेत एन.सी.सी.च्या परेडच्या दिवशी ज्यांचं हमखास पोट दुखायचं, त्यांनाच पन्नाशीच्या आसपास देशसेवेची उबळ येते, असं आमचं निरीक्षण आहे. मुलं परदेशी गेलेली, फ्लॅटचे हप्ते फिटलेले, गुडघे कुरकुरायला लागलेले. अशा वयात माणूस एकतर विपश्यनेला जातो, नाहीतर फौजेतून निघालेली जीप शोधायला लागतो. विपश्यनेत दहा दिवस बोलता येत नाही. त्यामुळे जीपवाल्यांची संख्या वाढते आहे.

या गृहस्थांची समजूत अशी असते, की लष्कर जुन्या गाड्या धुऊनपुसून रांगेत उभ्या करतं आणि योग्य देशभक्ताची वाट बघत बसतं. प्रत्यक्षात गाडी कंडम ठरली की कागदावर तिचा एक 'लॉट' होतो. 1964 साली भंगाराच्याच व्यापारासाठी स्थापन झालेल्या एमएसटीसी या सरकारी कंपनीमार्फत असे लॉट ऑनलाइन लिलावात निघतात आणि त्यांची सनातन अट असते, की माल जसा आहे, जिथे आहे, तसा उचलायचा. 'जसा आहे' या दोन शब्दांत केवढा इतिहास मावतो ते भंगारवाल्याला ठाऊक असतं. तो वजनकाट्यावर हिशोब करून बोली लावतो, आपले गृहस्थ छातीवर हात ठेवून. म्हणून लॉट भंगारवाल्याला मिळतो आणि गृहस्थ त्याच्या यार्डात हजर होतात. आता तीच गाडी दुप्पट भावात मिळते. वरचे पैसे भावनेचे.

यार्डात गाडी पहिल्यांदा दिसते तेव्हा तिला चाकं असतीलच असं नाही. बॅटरी नसतेच. तळाचा पत्रा अंगठ्याने दाबला की अंगठा आरपार जातो. सीटखाली उंदरांच्या तीन पिढ्यांनी संसार केलेला असतो आणि वायरिंग हे त्यांचं मुख्य अन्न असतं. इंजिन अर्थातच जाम. मिस्त्री प्लग काढून सिलिंडरमध्ये डिझेल ओततो, दोन दिवस तसंच मुरू देतो, मग पुढून हँडल घालून अंगचं वजन टाकतो. हँडल बोटभर हललं तर चहा मागवायचा. नाही हललं तर हेड उतरवायचं, आणि चहा तरीही मागवायचा. पैसे गृहस्थांनी द्यायचे.

"साहेब, डिझेलचं इंजिन टाकू. स्वस्तात बसेल, रोज चालेल."

"छे छे उस्ताद, सगळं ओरिजिनल पाहिजे."

"ओरिजिनल पाहिजे तर साहेब, लढाईवर जावं लागेल."

मिस्त्री काही चुकीचं बोलत नाही. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर जीपा बांधल्या. फोर्ड इतकी हिशोबी, की आपल्या जीपच्या बोल्टांवरसुद्धा 'एफ' हे अक्षर उठवून ठेवलं. परदेशात त्या अक्षराचा एक बोल्ट मिळवायला लोक जुन्या बाजारात दिवस दिवस घालवतात. आपल्याकडे बोल्टावरचं अक्षर कोणी वाचत नाही, तो बसतो की नाही एवढं बघतात. परिणामी चॅसिस विलीजचं, बॉनेट महिंद्राचं, गिअरबॉक्स आणखी कुठला, आणि स्टिअरिंग कुठून आलं ते मिस्त्रीलाही आठवत नाही, अशी सर्वपक्षीय जीप तयार होते. मालक तिला ओरिजिनल म्हणतो. लांबी भरून, घासून, प्रायमर मारून झालं की दिसतेही तशी.

खरी पंचाईत पुढे आहे. एवढा खटाटोप ज्या रंगासाठी केला तो रंगच लावता येत नाही. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 121 वा नियम म्हणतो, की ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठीच राखीव. फौजेतून निघालेल्या जीपने गणवेश उतरवून यायचं. जीपची काही तक्रार नसते, गृहस्थांना मात्र ब्रह्मांड आठवतं. मग पेंटरशी गुप्त वाटाघाटी सुरू होतात: हिरवाच, पण तो हिरवा नको, त्याच्या शेजारचा. पेंटर चार डबे मिसळून असा हिरवा काढून देतो, की आरटीओला तो फौजेचा वाटू नये आणि सोसायटीला वाटावा. बॉनेटवर पांढरी चांदणी येते, जी भारतीय लष्कराची नसून अमेरिकेची आहे. नंबरप्लेटवर वर टोक केलेला बाणही हवा असतो, पण तिथे मुलगी व्हिडिओ कॉलवर ओरडते, "बाबा, आत टाकतील तुम्हाला!" तेवढी एक आघाडी मागे घेतली जाते.

जीपहून वरची पायरी म्हणजे जोंगा. 1969 पासून जबलपूरला बनलेली, मूळ निसानची, चार लिटरच्या पेट्रोल इंजिनाची दणकट गाडी. 2019 मध्ये महेंद्रसिंग धोनी जोंगा घेऊन रांचीत फिरताना दिसला आणि त्यानंतर ज्यांना गल्लीतला झेल घेता आला नव्हता, त्यांनीही जोंगाची चौकशी सुरू केली. धोनी प्रादेशिक सेनेत मानद लेफ्टनंट कर्नल आहे, हा फरक कोणी लक्षात घेत नाही. त्याहून महत्त्वाचा मुद्दा पेट्रोलचा. ही गाडी युद्धासाठी होती, तिथे टाकी देश भरतो. कोथरूडात मालक भरतो.

पन्नास वर्षांहून जुन्या आणि फारशी मोडतोड न केलेल्या गाड्यांसाठी 2021 पासून व्हिंटेज नोंदणीची सोय झाली आहे. वीस हजार रुपये भरले की 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो. मात्र अशी गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, देखभाल आणि इंधन भरणं एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. म्हणजे पेट्रोल भरायला जायचं, परत यायचं, आणि संपलं की पुन्हा भरायला जायचं. जोंगाच्या बाबतीत हे पूर्णवेळ काम आहे.

पण एकट्या गृहस्थांना हसण्यात अर्थ नाही. स्वतंत्र भारताचा पहिला गाजलेला घोटाळाच मुळी दुरुस्त केलेल्या जुन्या जीपांचा आहे. 1948 साली काश्मीरच्या लढाईसाठी जीपा हव्या होत्या. लंडनमधले आपले उच्चायुक्त कृष्ण मेनन यांनी नेहमीची पद्धत बाजूला ठेवून ऐंशी लाखांचा सौदा केला. मागवलेल्या जीपा दोन हजार होत्या असं सांगतात. बहुतेक पैसे आधीच दिले गेले, आल्या 155, आणि त्याही कामाच्या नव्हत्या. एका तरी यार्डवाल्याला सोबत नेलं असतं तर त्याने तळाच्या पत्र्याला अंगठा लावून बघितला असता. 1955 मध्ये गृहमंत्री पंतांनी प्रकरण मिटल्याचं जाहीर केलं. त्यानंतर मेनन संरक्षणमंत्री झाले. एवढा यशस्वी जीर्णोद्धार कुठल्याही जीपचा झालेला नाही.

आणि आपलं महाराष्ट्र सरकार? त्याचा जीव जीपेत रमत नाही, त्याला थेट विमानवाहू जहाज लागतं. विक्रांत हे ब्रिटिशांनी महायुद्धाच्या काळात बांधायला घेऊन अर्धवट सोडलेलं जहाज. आपल्या नौदलाने ते घेतलं, पूर्ण करून घेतलं, 1961 मध्ये ताफ्यात आणलं आणि 1971 मध्ये बंगालच्या उपसागरात लढवलं. टाकाऊचं टिकाऊ म्हणतात ते हे. 1997 मध्ये ते निवृत्त झालं आणि मुंबईत संग्रहालय म्हणून उभं राहिलं. ते कायमचं सांभाळायचे पैसे कोणाकडेच निघाले नाहीत. 2014 मध्ये साठेक कोटींना लिलाव झाला आणि दारूखान्यात गॅस कटर लागले. दोनच वर्षांनी बजाजने विक्रांतचं पोलाद घातलेली मोटारसायकल बाजारात आणली. जहाज वाचवायला वर्गणी जमली नव्हती, मोटारसायकलला मात्र हप्ते भरणारे पुष्कळ निघाले.

मग विराट. तेही ब्रिटिशांनी वापरून झालेलं आणि आपण पुढे तीस वर्षं चालवलेलं. 2017 मध्ये ते निवृत्त झालं. 2018 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सिंधुदुर्गात निवतीच्या समुद्रात त्याचं संग्रहालय करायला 852 कोटींच्या प्रकल्पाला मंजुरी दिली. 2020 मध्ये विराट साडेअडतीस कोटींना अलंगच्या किनाऱ्यावर लागलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात जाईपर्यंत जहाजाचा मोठा भाग कापून झाला होता. जहाज साडेअडतीस कोटींचं आणि त्याच्याविषयीचा कागद 852 कोटींचा, असा हा एकंदर ताळेबंद. आता त्याच निवतीजवळ, 2024 मध्ये निवृत्त झालेली गुलदार ही युद्धनौका समुद्राच्या तळाशी ठेवून पाण्याखालचं संग्रहालय करायचं ठरलं आहे. हा सरकारी अनुभवाचा परिपाक म्हणायला हवा. आजवर प्रकल्प मंजूर करून मग बुडायचे, या वेळी बुडवण्यालाच आधी मंजुरी घेतली आहे.

विशाखापट्टणमच्या लोकांनी 2002 मध्ये कुरसुरा ही अख्खी पाणबुडी वाळूवर आणून ठेवली आणि तिकीट लावलं. आजही लोक रांगेने आत जातात. अहिल्यानगरला लष्कराच्या रणगाडा संग्रहालयात रोल्स रॉइसची पहिल्या महायुद्धातली चिलखती गाडी नीट राखलेली आहे. दिल्लीत तर 2017 मध्ये जेएनयूच्या कुलगुरूंनी विद्यार्थ्यांत लष्कराविषयी प्रेम उत्पन्न व्हावं म्हणून आवारात एक रणगाडा मागितला होता. प्रेमासाठी रणगाडा मागणारे ते पहिलेच प्राध्यापक असावेत.

तर आमचं मत असं, की फौजी यंत्र ज्यांना वापरायचं असतं ते त्याला चालू ठेवतात, आणि ज्यांना फक्त मिरवायचं असतं ते रंगाच्या डब्यापाशी अडकतात. तुम्ही तरीही यार्डात जाणार असालच, तर चॅसिसचा नंबर घासून स्वतः वाचा. लिलावाचे मूळ कागद हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. नोंदणी होईल का हे आरटीओत आधी विचारा, रंगाचं नंतर. आणि मिस्त्रीची राहिलेली मजुरी गाडी बाहेर काढण्यापूर्वी चुकती करा.