कौरवांची शिरगणती

पहिल्या फुलात कौरव सत्त्याऐंशी भरले. चष्मा पुसून पुन्हा मोजले, तर चौऱ्याण्णव. तेवढ्यात दूधवाला फाटकात. "काय मोजलालाव सर?" म्हणाला. "कौरव," मी म्हणालो. त्या दिवशी त्यानं मागच्या महिन्याच्या बाकीचा विषय काढला नाही.

कृष्णकमळातले शंभर जांभळे तंतू म्हणजे कौरव, त्यांच्यावरचे पाच पांडव आणि सगळ्यांच्या माथ्यावर ब्रह्मा-विष्णू-महेश, हे ऐकतच आपण मोठे झालो. मोजलं कुणीच नाही. मलाही मोजायची हौस नव्हती. पण घरी आलेल्याला चहाच्या आधी वेलापुढे उभं करून हे पुराण ऐकवायची माझी जुनी खोड. पुण्याहून आलेल्या भाच्यानं "मामा, एक्झॅक्टली शंभर?" असं चारचौघांत विचारलं आणि माझी झोप उडाली.

मग रोज सकाळी दात कोरायची काडी घेऊन मी कुरुक्षेत्रावर हजर. एका फुलात एकशे दोन निघाले, तेव्हा मी अंगणात टाळी वाजवली. कारण उघड आहे. शंभर भावांची बहीण दुःशला, एकशे एक. आणि दासीपुत्र युयुत्सू, एकशे दोन! व्यासांचा हिशेब फुलानं चोख राखला होता. त्यातला युयुत्सू कोणता, यावर मी अर्धा तास घालवला. तो ऐन युद्धाच्या तोंडावर पांडवांकडे गेला, म्हणजे आत झुकलेला तंतू त्याचाच, असा निकालही दिला. दुसऱ्या दिवशीच्या फुलात एकशे सतरा आले. वरचे पंधरा शकुनीमामाकडचे असणार, असं मी ठरवत होतो. तोवर वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका मित्रानं सांगितलं, की हे तंतू वलयांत येतात आणि दर फुलात कमीजास्त होतात. पुंकेसर पाच आणि कुक्ष्या तीन, एवढंच पक्कं. थोडक्यात, पांडव तेवढे भरवशाचे.

जाता जाता त्यानं आणखी एक खिळा ठोकला. हा वेल मूळचा अमेरिका खंडातला. म्हणजे पांडवांनी हे फूल बघितलेलंच नाही. नर्सरीतल्या पाटीवर 'पॅशन फ्लॉवर' वाचून मी ते इतकी वर्षं प्रेमाचं फूल म्हणून सांगत आलो होतो, एका नवपरिणीत जोडप्याला तर डोळा मिचकावून. ते पॅशन म्हणजे येशूच्या यातना. स्पॅनिश धर्मोपदेशकांना यात काट्यांचा मुकुट, पाच जखमा आणि तीन खिळे दिसले. त्यांना क्रूस दिसला, आपल्याला भाऊबंदकी.

वेल माझ्या हाताला यश आहे म्हणून वाढला, असंही मी सांगतो. खरं म्हणजे नांदेडला आईच्या कुंपणावरून कांडी तोडली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटीनं लातूरला आणली. कशीही खोचली असती तरी जगली असती.

जगली नसती ती २०१६ साली. मांजरा धरण आटलेलं, पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी. १२ एप्रिलला मिरजेहून रेल्वेनं पहिलं पाणी आलं. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आख्ख्या शहराला. त्या दिवसांत मी तांदूळ धुतलेलं पाणी अंधार पडल्यावर चोरासारखं वेलाच्या बुडात ओतत असे. एका रात्री समोरच्या गच्चीवर काकू उभ्या दिसल्या. त्यांच्या घरात बाळंतीण होती. त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवसापासून मी तांब्या उचलला नाही.

वेलाची सुतळी झाली. आई फोनवर पाण्याचं कधी विचारत नसे, "वेल कसा आहे रे?" एवढंच. "मस्त आहे," मी सांगायचो. पाऊस पडला आणि बुडाशी बोटभर कोंब आला, त्या दिवशी मी आपण होऊन फोन केला. "अरे, पण तो तर मस्तच होता ना?" आई म्हणाली.

आई गेल्यावर नांदेडचं घर विकलं. नव्या मालकानं कुंपण पाडून भिंत घातली.

आता शत्रू दोनच. एक, विटकरी पंखांच्या टॉनी कोस्टर फुलपाखराची काटेरी पिलावळ. ती आठवड्यात पानांची चाळण करते. तिला मी माफ केलंय, तिला दुसरं काही फारसं चालत नाही. दुसरे, पहाटे आकडीची काठी घेऊन फिरायला निघणारे सद्‌गृहस्थ. "देवासाठीच नेतोय हो!" यांच्या देवाला स्वतःच्या अंगणातलं फूल चालत नाही का?

तुम्हाला वेल हवा असेल तर पावसाळ्यात या. पेन्सिलीएवढी जाड, तीन-चार डोळ्यांची कांडी देईन. ओलं फडकं तुमचं तुम्ही आणा. कौरव मोजायचे असतील तर मात्र सकाळीच या. फूल एकाच दिवसाचं असतं.