बाकाची फाळणी

१ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे दोन तुकडे झाले, तेव्हा नवापूरचे रेल्वे स्थानक आधीच उभे होते. त्याला कुणी विचारले नाही. रेघ थेट फलाटावरून गेली. आता तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तरांची कचेरी गुजरातेत, आणि एका बाकाचे एक टोक नंदुरबार जिल्ह्यात, तर दुसरे तापी जिल्ह्यात. बाकावर तसे ठळक रंगवूनही ठेवले आहे. न जाणो, बसल्या बसल्या कुणी परराज्यात घरंगळायचा!

रेघ नसेल तर कायदा थांबायचा कुठे, असा आक्षेप कुणी घेईल. रास्त आहे. गुजरातेत दारूबंदी आहे, महाराष्ट्राच्या बाजूला नाही. पिशवीत बाटली असेल तर चार बोटे सरकताच कलम बदलते. पण ही रेघ भाषेसाठी होती म्हणावे, तर भोवतालच्या आदिवासी पाड्यांतली बोली दोन्हीकडे सारखीच. घोषणा मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजीत होते आणि गाडी चारही भाषांत उशिरा येते. रुळांना यातले काही ठाऊक नाही. ते सबंध पश्चिम रेल्वेचे, आणि तिचे मुख्यालय मुंबईत.